यामाहा की सोनी? पहिला ५.१ रिसीव्हर घेताना

यामाहा आरएक्स-व्ही३८५ आणि सोनी एसटीआर-डीएच५९० हे दोन्ही २०१८ साली आलेले ५.१ रिसीव्हर, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खोल बासचा स्पीकर) चालवणारं, टीव्ही-प्लेअर जोडायचं मशीन. चार एचडीएमआय इनपुट, एक आउटपुट, एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरने रिसीव्हरकडे परत आणणारी सोय), ब्लूटूथ, ४के एचडीआर हे सगळं दोन्हींत आहे. वाय-फाय मात्र एकातही नाही.

लोक अडतात ते वॅटवर. दोन चॅनेल चालू असताना ६ ओमच्या (ओम म्हणजे स्पीकरचा विद्युत अवरोध) स्पीकरवर यामाहाचे ७० वॅट, सोनीचे ९०. ऐकायला हा फरक जेमतेम १ डेसिबलचा, म्हणजे नगण्य. खोक्यावरचा सोनीचा १४५ वॅटचा आकडा तर एकच चॅनेल, एकच सूर आणि दसपट विकृती धरून मोजलेला असतो. ८५ ऐवजी ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारे) स्पीकर घेतलेत, तर वॅट दुप्पट केल्याइतका फायदा मिळतो. पैसे तिकडे घाला.

खरा फरक आहे उंचीत. सोनी १३३ मिमी, यामाहा १६१. टीव्ही युनिटचा कप्पा बुटका असेल तर सोनीच बसेल. वर हवेला भरपूर जागा हवी, सेट-टॉप बॉक्स तर मुळीच ठेवू नका. तापलं की रिसीव्हर सिनेमाच्या मध्येच बंद पडतो. सोनीला सबवूफरची दोन आउटपुट आहेत, पण दोन्हींतून एकच सिग्नल जातो. लांबट हॉलमध्ये बास सगळीकडे सारखा पोचवायला ती उपयोगी. १० बाय १२च्या खोलीत एक सबवूफर पुरे.

जुन्या होम थिएटर सेटचे स्पीकर यांना जोडायचा मोह आवरा. ते बरेचदा ३ किंवा ४ ओमचे असतात आणि हे रिसीव्हर किमान ६ ओमचे मागतात. त्या सेटचा सबवूफरही चालणार नाही, कारण इथे स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर लागतो. वायर १.५ चौ. मिमी तांब्याची घ्या. टोकाची एखादी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी प्रोटेक्शन लागून मशीन बंद होतं.

खोलीनुसार आवाज जुळवण्यासाठी दोघांसोबत माइक मिळतो. यामाहात त्याला वायपीएओ म्हणतात, सोनीत डीसीएसी. पंखा-एसी बंद करा, माइक बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवा. हातात धरू नका. मापन झाल्यावर सेटिंग तपासा: छोटे बुकशेल्फ स्पीकर ‘लार्ज’ धरले गेले असतील तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झवर आणा. हे राहिलं की चार-पाच इंचांच्या वूफरवर खोल बासचा भार पडतो आणि सबवूफर बराच वेळ नुसता बसून राहतो.

टीव्हीच्या अ‍ॅपमधला आवाज हवा असेल तर रिसीव्हरचं एचडीएमआय आउट टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्याच पोर्टला जोडा आणि दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना आदेश द्यायची सोय) चालू करा. मागचे स्पीकर मुके राहिले तर बहुधा टीव्हीचं डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर असतं आणि त्यातून दोनच चॅनेल येतात, ते ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करा. ब्लू-रे प्लेअर मात्र थेट रिसीव्हरलाच जोडा, कारण डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर हे डिस्कवरचे उच्च दर्जाचे आवाजाचे प्रकार एआरसीतून येत नाहीत. पीएस५ या गेम कन्सोलवर १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) खेळायचं असेल तर उलट करा: कन्सोल टीव्हीला, आवाज एआरसीने.

कप्पा उंच असेल आणि सबवूफर एकच लावायचा असेल, तर दोघांत जो स्वस्त मिळेल आणि ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात असेल तो घ्या. डॉल्बी अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत) मात्र या दोन्हींत नाही. तसा ट्रॅक साध्या ५.१मध्ये वाजतो. वर्षा-दोन वर्षांत छताला स्पीकर लावायचा विचार पक्का असेल तर दोन्ही सोडा आणि सोनीचाच ७.२ चॅनेलचा एसटीआर-डीएच७९० पाहा. आज पाच स्पीकर लावून पुढे वरचे दोन त्याला जोडता येतात.