एसीच्या खोलीत ताजी हवा: एक्झॉस्ट थर्मोस्टॅटवर की टायमरवर?

भाचा विचारत होता, मामा एक्झॉस्ट फॅन कशावर लावू. आधी हे समजून घे बाप्पा, साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, तीच ती फिरवत राहते. थर्मोस्टॅटवर, म्हणजे गरमी पाहून फॅन चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, जोडला तर सेन्सर, वायरमन, खर्च जास्त, अन् त्याला फक्त गरमी समजते, कोंदटपणा नाही, म्हणजे चार जण झोपले, खोली थंड झाली की फॅन बंद अन् सकाळी डोकं जड. टायमर स्वस्त, तासाला दहा मिनिटं लावून मोकळं, पण लाइन गेली की साध्या टायमरचं घड्याळ मागं पडते, अन् मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीची हवा दाराच्या फटीतून आत ओढल्या जाते. म्हणून झोपायच्या खोलीला टायमरच, तोही रात्रीपुरता. पत्र्याच्या गोदामाला थर्मोस्टॅट बरा, तिथं एसी नाही अन् नुसती गरमीच काढायची असते.