फिंगरप्रिंट एक्स्पर्टची 'थेट नोकरी' लावून देणाऱ्यांपासून सावध राहा

आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकटी बहीण बी.एस्सी. झाली आणि फिंगरप्रिंटच्या क्षेत्रातच जायचं म्हणून अडून बसली. बेळगावातल्या एका खासगी संस्थेची डिप्लोमा आणि 'थेट नोकरी'ची जाहिरात दिसली. तिथे आमचे 85 हजार गेले. चौकशी चालू आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सांगतो, कारण तीच माणसं आता निपाणी-चिकोडीकडे फिरतात असं कानावर येतंय.

खऱ्यात खोटं मिसळायची कला त्यांच्याकडे आहे. भिंतीवर 1897 सालच्या कलकत्त्याच्या फिंगरप्रिंट ब्युरोची माहिती, ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवणाऱ्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची नावं. संचालक आईला म्हणाला, "काकू, आता नाफिस आलंय, देशभरातले ठसे एका कॉम्प्युटरवर. माणसं कमी पडायलीत." नाफिस 2022 पासून आहे, हे खरं. पण ती पोलिसांची यंत्रणा. खासगी डिप्लोमावाल्याला तिथे कोण बसवणार?

मग निघाला महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांचा विषय. "तुमचं गाव यादीत आहे, महाराष्ट्राच्या कोट्यातून लावतो, कन्नडच्या पेपरची कटकटच नाही." आमचं दुखणं त्याला नेमकं ठाऊक! या गावांतल्या मराठी भाषकांना 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला दाखवून महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो, एवढंच खरं. पात्रता आणि परीक्षा इतरांसारखीच. कोटा नावाचं काही नाही.

शिकवलं काय? काळी पावडर, ब्रश, सेलोटेप आणि ठशांतले शंख-चक्र हे आकार ओळखणं. खरं काम त्याच्या पुढचं: रेषा कुठे फुटते, कुठे संपते ते एकेक ठिकाण जुळवून मत द्यायचं आणि कोर्टात उलटतपासणीत त्यावर टिकायचं. ते यूट्यूबवर उरकलं. प्रमाणपत्रावरचा 'सरकारमान्य' नंबर उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या नोंदणीचा निघाला. ती नोंदणी आधारवर कुणालाही फुकट मिळते.

शेवटी 'अखिल भारतीय बोर्ड परीक्षेला बसवतो' म्हणून आणखी 40 हजार मागितले, तेव्हा पोलिसात असलेल्या मामांनी अडवलं. फिंगरप्रिंट एक्स्पर्टसाठीची ही परीक्षा केंद्रीय फिंगरप्रिंट ब्युरो घेतं, आणि तिथे राज्यांच्या ब्युरोंनी पाठवलेले पोलीस खात्यातले लोक बसतात. पैसे भरून बसायची ती जागाच नव्हे.

शिकायचंच असेल तर राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं केंद्र आपल्या धारवाडात आहे. दुसरीकडे जाणार असाल तर पदवी देणारं विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते आधी बघा. बहीण आता धारवाडच्या प्रवेशाच्या तयारीला लागली आहे.

आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी पावत्या आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी पुसू नका. आमच्याकडे रोख दिलेल्या 30 हजारांची पावती नाही, आणि तपासात तेवढाच भाग अडकून पडलाय.