होडीच्या बॅटरीपायी गेलेले १०,८८९ रुपये

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. ७,२५० अधिक ६४० अधिक २,९९९. एकूण १०,८८९ रुपये. कशासाठी, तर चार फुटी खेळण्यातल्या होडीला बॅटरी बसवण्यासाठी. आणि बसवणारा कोण, तर बार्जवरचा जुना वायरमन. गोव्याच्या मांडवी नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जच्या २४ व्होल्टच्या बॅटऱ्या मी अंधारात हात घालून जोडलेल्या आहेत. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून लोकांच्या घरांची वायरिंग करतो. पूर्ण आकडा घरात फक्त भाच्याला ठाऊक आहे. बायकोला साडेतीन हजार सांगितलेत.

त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत होड्या सोडतात, ते तुम्ही पाहिलं असेल. थर्माकोल, बांबू, पुठ्ठा आणि आत रोषणाई. भाच्याने टूम काढली, "मामा, स्पर्धेबिर्धेचं राहू दे, पण यंदा आपली होडी रिमोटवर चालली पाहिजे." मी प्लायवूडचं गलबत केलं, सांधे रेझिनने भरले. १२ व्होल्टची ७७५ मोटर म्हापशात मिळाली, रिमोट आणि रिसीव्हर भाच्याच्या मित्राकडून आला. राहिली बॅटरी आणि मोटरचा स्पीड कंट्रोलर.

भाच्याला इन्स्टाग्रामवर एक पेज सापडलं. आरसी, म्हणजे रिमोटवरच्या बोटीचं ‘पॉवर किट’: लिथियमच्या सहा सेलचा पॅक, ६० अँपियरचा वॉटर-कूल्ड कंट्रोलर, सिलिकॉन वायर, बॅटरी जोडायचे एक्सटी ६० कनेक्टर आणि चार्जर. सगळं मिळून ७,२५०. व्हिडिओत होडी तळ्यात गरगर फिरत होती. मी फोनवर बोललो. माणूस अदबीने बोलणारा, ‘दादा, दादा’ करणारा. बॅटरी आहे म्हणून घरी पैसे घेऊन माल देता येत नाही, विमानानेही जात नाही, रस्त्याने खास पार्सल, त्याचे ६४० वेगळे. विमानाचं थोडंफार खरंच असतं, लिथियमवर बंधनं आहेत. खोट्यात असं पावशेर खरं मिसळलं की गळ्याखाली उतरतं. यूपीआयवर नाव आलं कुणा बाईचं. म्हणे वहिनींचं खातं, दुकानाच्या जीएसटीचं काम चाललंय. १८ सप्टेंबरला पैसे पाठवले.

पार्सल ६ ऑक्टोबरला आलं. आता जे सांगतो ते आठवलं की मला रात्री झोप लागत नाही.

होडी पाण्यात सरळ राहावी म्हणून तळाशी वजन घालावं लागतं. त्यासाठी मी जाळ्याची शिशं आणून ठेवली होती. किती घालायची ते काढायला प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजत होतो आणि भाचा वहीत लिहीत होता. मोटर झाली, कंट्रोलर झाला, मग बॅटरीचा पॅक ठेवला. काट्यावर आकडा आला १९८ ग्रॅम, वायर आणि कनेक्टर धरून. मी काय म्हणालो असेन? "वा, हलकी आहे. अजून दोन शिशं मावतील."

पॅकवर छापलं होतं ३४०० एमएएचचे (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) सहा सेल, दोन-दोन समांतर आणि अशा तीन जोड्या एकामागे एक, म्हणजे ११.१ व्होल्ट, ६८०० एमएएच. १८ मिलिमीटर जाडीचा, ६५ मिलिमीटर लांबीचा खरा ३४०० चा एक सेल ४७-४८ ग्रॅम भरतो. सहाचे २८० च्या वर झाले, वायरी धरल्याच नाहीत. काट्याने तोंडावर सांगितलं की आत माल नाही, आणि मी खूश. बार्जवर नवी बॅटरी आली की आम्ही आधी उचलून बघायचो. हलकी लागली की शिसं कमी घातलंय म्हणून परत. जन्मभर वजनावर बॅटरी ओळखली आणि नेमकी इथे अक्कल गहाण पडली. का, तर ‘लिथियम हलकी असते’ हे जो तो सांगतो म्हणून. असतेच हो हलकी. इतकी नाही. माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी हेच म्हणाला असता, असं मी स्वतःला सांगतो.

दुसरी खूण वायरीची. सोल्डर धरतच नव्हतं, गोळी होऊन घरंगळत होतं. मी माझ्या जुन्या सोल्डरिंग गनला शिव्या दिल्या. नंतर ब्लेडने खरवडलं तर वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरंफट ॲल्युमिनियम. कनेक्टर तरी बरे होते. लाल वायरवर बॅटरीजवळ २० अँपियरचा गाडीतला फ्यूज घातला होता, तेवढंच माझं शहाणपण.

तळीत सोडली. गणित अर्ध्या तासाचं होतं, कारण मोटर भाराखाली १२ अँपियरच्या आसपास ओढते. साडेचार मिनिटांत दिवे पिवळे पडले, आणि रिसीव्हरलाही कंट्रोलरमधूनच ५ व्होल्ट मिळतात, म्हणून रिमोटही मेला. गलबत मधोमध आडवं होऊन राहिलं. भाच्याने पोहत जाऊन आणलं.

घरी पॅकचं वरचं निळं प्लास्टिक सोललं. सहा सेल दोन वेगळ्या छटांचे, चारांवर जुन्या वेल्डिंगचे ओरखडे, म्हणजे कुठल्या तरी जुन्या पॅकमधून उपटलेले. बॅलन्स प्लगच्या (प्रत्येक जोडी वेगळी मोजून सारखी चार्ज करायचा प्लग) चार वायरींपैकी मधल्या दोन कुठेच जोडलेल्या नव्हत्या, टेपखाली नुसत्या चिकटवल्या होत्या. मल्टिमीटर लावला असता तर पूर्ण चार्जला काळ्यापासून ४.२, ८.४, १२.६ असे तीन आकडे दिसायला हवे होते. मी लावलाच नाही, कारण सोबतचा चार्जर साधा अडॅप्टर होता, त्याला बॅलन्स प्लग लागतच नव्हता. चोराने तेवढा विचार केला होता. रिपेअरवाल्या पोराने टेस्टरवर घातलं तर ११४० एमएएच. सेल मात्र कोणी कापून बघू नका, पेटतात.

आणि यावर कळस. तक्रार केली तर तो ‘दादा’वाला विक्रेता म्हणाला, "दादा, चूक आमची, नवा पॅक पाठवतो, फक्त २,९९९ डिपॉझिट, जुना परत मिळाला की लगेच रिफंड." १३ ऑक्टोबरला मी तेही पाठवले. हो, पाठवले. अडकलेले ७,८९० सोडवायचे म्हणून. संध्याकाळी नंबर ब्लॉक.

लाजेपायी नऊ दिवस गप्प बसलो. तसं करू नका, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच तासाला फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आत. ठाण्यावर गेलो तर साहेब सगळं ऐकून बाजूच्याकडे बघून म्हणाले, "खेळण्याखातीर धा हजार?" दोघे हसले. मग म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग ही फसवणूक कसली, खराब माल झाला, ग्राहक आयोगाकडे जा. मी म्हटलं, साहेब, २,९९९ ची कुठली वस्तू मिळाली? तर म्हणे अर्ज द्या. दिला. अर्जाला पोच मागितली तर पोच देणारा रजेवर. बँकेत गेलो. पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. कुरिअरवाल्याने पाठवणाऱ्याचा पत्ता द्यायला पोलिसांचं पत्र मागितलं. पोलीस म्हणाले, पत्ता आणा मग पत्र देतो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही हे खरं, पण तिथेही पहिला प्रश्न समोरच्याचा पत्ता काय. पत्ता असता तर मीच नसतो गेलो? चार ठिकाणी चार वेळा झेरॉक्स दिल्या, त्याचेच १७६ रुपये झाले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. ४२० चं कलम आता ३१८ झालं म्हणतात. नंबर बदलला, टेबलामागचा माणूस तोच.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, काट्यासकट. खात्यावरचं नाव आणि दुकानाचं नाव वेगळं असेल तर वहिनी असो की आजी, पैसे पाठवू नका. रिफंडसाठी पैसे मागणारा माणूस चोरच. आणि हलकी बॅटरी बघून माझ्यासारखे हरखू नका.

पौर्णिमेला इन्व्हर्टरवाल्याकडची १२ व्होल्ट ७ एएचची (म्हणजे ७००० एमएएच) शिशाची बॅटरी घातली. अडीच किलोच्या आसपास. एकही शिसं घालावं लागलं नाही, उलट गलबत काठापर्यंत बुडून चालत होतं आणि भाचा शेवटपर्यंत दिवे विझतील म्हणून श्वास रोखून उभा.

परवा त्यानेच फोन पुढे केला. पेजचं नाव नवं, किट ६,९९९ ला. व्हिडिओ तोच, आणि त्यातल्या टेबलावरचा सोल्डरने जळलेला डागही तोच.