आर्ची : आर्किटेक्ट व्हायचंय ना, मग आधी हे फुकटचं टूल उघडा

टेक लीड झालेली मंडळी सॉफ्टवेअर सिस्टीम्सचे आर्किटेक्ट व्हायचं ठरवतात तेव्हा पहिल्यांदा काय करतात तर सर्टिफिकेशन शोधतात. टोगॅफ (एन्टरप्राइझ आर्किटेक्चरची पद्धत शिकवणारं) करू का, एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनच्या क्लाउडचं) करू, का दोन्ही करू. करा की, माझी ना नाही, टोगॅफची दहावी आवृत्ती 2022 मध्ये आली ती वाचण्यासारखी आहे आणि नोकरीच्या जाहिरातीत ते नाव मागतातही. पण परीक्षा पास झालेल्या माणसाला म्हटलं की तुमच्या कंपनीच्या सिस्टीम्स एकदा मांडून दाखव, तर तो पॉवरपॉइंट उघडतो, चौकोन काढतो, बाण काढतो, आणि हा बाण कशाचा विचारलं की गडबडतो. इथून डेटा जातोय, का ही सिस्टीम त्या सिस्टीमला सेवा देतेय, का नुसता काहीतरी संबंध आहे? माझ्या मते एन्टरप्राइझ आर्किटेक्चर, म्हणजे अख्ख्या कंपनीची कामं आणि सिस्टीम्स एकमेकांशी कशा जोडल्यात ते मांडणं, शिकायची सुरुवात त्या बाणापासून होते, आणि ते शिकायला आर्चीइतकं चांगलं दुसरं काही मला अजून मिळालेलं नाही.

तर आर्ची म्हणजे आर्किमेट भाषेत (कंपनीच्या सिस्टीम्स ठरलेल्या चौकोन-बाणांनी मांडायच्या चित्रभाषेत) मॉडेल बांधायचं टूल. फुकट, ओपन सोर्स, एमआयटी लायसन्स, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, लॉगिन नाही, ट्रायल संपली वगैरे भानगड नाही. 2010 मध्ये इंग्लंडातल्या बोल्टन विद्यापीठात फिल बोव्हार यांनी ते सुरू केलं आणि आता देणग्यांवर चालतं. आर्किमेट ही भाषा त्याच्याही आधीची, नेदरलँड्समध्ये 2002 ते 2004 च्या एका प्रकल्पातून आलेली, त्यात एबीएन ॲम्रो बँक होती, तिथलं टॅक्स खातं होतं, आणि पुढे ती ओपन ग्रुपकडे गेली, म्हणजे टोगॅफवाल्यांकडेच. बँक आणि कर खातं यांच्या गरजेतून आलेली असल्यामुळे असेल, पण बँकिंग आयटीत काम करणाऱ्या माझ्यासारखीला ती लगेच जवळची वाटली.

आता मुद्द्याचं. ड्रॉ डॉट आयओ किंवा व्हिजिओसारख्या चित्रं काढायच्या टूलमध्ये तुम्ही एकच सिस्टीम पाच चित्रांत पाच वेळा काढता, आणि तिचं नाव बदललं की पाचही ठिकाणी जाऊन बदलावं लागतं, त्यातलं एक राहतंच. आर्चीत डावीकडे मॉडेलचं झाड असतं, त्यात ती सिस्टीम एकदाच असते, चित्रात तुम्ही फक्त तिला ओढून आणता. झाडात नाव बदललं की सगळीकडे बदलतं. चित्रातून काढून टाकली तरी झाडात ती राहते, आणि कुठल्याच चित्रात नसेल तर तिचं नाव तिरक्या अक्षरांत दिसतं. ही तिरकी अक्षरं मला फार आवडतात, कारण आपण नोंद केली पण कुणाला दाखवलीच नाही अशा गोष्टी एका नजरेत सापडतात. ज्यांना चित्र आणि मॉडेल यातला फरक लेक्चर ऐकून कळत नाही त्यांना तो इथे अर्ध्या तासात कळतो.

उदाहरण म्हणून एक नागरी सहकारी बँक घ्या. नवशिक्यांना मी हेच मांडायला सांगते कारण आकार आटोपशीर असतो आणि गुंता भरपूर असतो. वरती पिवळ्यात बिझनेस : ग्राहक, शाखा, "एनईएफटीने पैसे पाठवणे" ही प्रोसेस. मध्ये निळ्यात ॲप्लिकेशन : सीबीएस (बँकेची मुख्य खात्यांची सिस्टीम), मोबाईल बँकिंग, एसएमएस गेटवे, एटीएम स्विच. खाली हिरव्यात टेक्नॉलॉजी : डेटाबेस सर्व्हर, डेटा सेंटर, डीआर साइट (आपत्तीच्या वेळची पर्यायी जागा). (हे रंग भाषेच्या नियमात सक्तीचे नाहीत, पण आर्ची तेच देतं आणि सगळे तेच वापरतात, तुम्हीही बदलू नका.) आता मजा अशी की बऱ्याच छोट्या बँका एनईएफटीसाठी स्वतः थेट नाही तर एका मोठ्या, स्पॉन्सर बँकेमार्फत सब मेंबर म्हणून जोडलेल्या असतात. मग स्पॉन्सर बँक कुठे बसवायची? ती तुमची सिस्टीम नाही, ती एक बाहेरची संस्था आहे आणि तुम्हाला एक सेवा देते, म्हणजे बिझनेस ॲक्टर आणि तिची बिझनेस सर्व्हिस, आणि त्या सर्व्हिसवर तुमची प्रोसेस अवलंबून. हा एक प्रश्न सोडवताना पोराला एकदम कळतं की अरे, या बँकेची सगळ्यात मोठी जोखीम आपल्या कोडमध्ये नाहीच, ती त्या करारात आहे. डेव्हलपरचा आर्किटेक्ट होतो तो असल्या क्षणी, असं मी अगदी ठामपणे म्हणेन.

मॅजिक कनेक्टर नावाचा बाण आहे त्याबद्दल सांगायलाच हवं. एका चौकोनावर क्लिक करून दुसऱ्यावर नेलात की या दोघांत नियमाने कुठली नाती चालतात तेवढीच मेनूत येतात. डेटा ऑब्जेक्टकडून प्रोसेसकडे "सर्व्हिंग" काढायला गेलात तर तो पर्याय दिसणारच नाही, कारण डेटा स्वतः कुणाला सेवा देत नाही, प्रोसेस त्याला ॲक्सेस करते. मास्तराने पाठीमागे उभं राहून सांगावं तसं हे टूल सांगत राहतं, आणि हिंट्सची खिडकी उघडी ठेवलीत तर निवडलेल्या गोष्टीची व्याख्याही बाजूला येते. सुरुवातीला चिडचिड होते हे खरं, साधा बाण काढू देत नाही म्हणजे काय, पण थोडे दिवस धीर धरा, मग उलट होतं, दुसऱ्यांच्या पीपीटीतले बाण बघून चिडचिड व्हायला लागते.

व्हिज्युअलायझर (निवडलेल्या गोष्टीला काय काय जोडलंय ते जाळ्यासारखं दाखवणारी खिडकी) मात्र खरा पैसा वसूल, म्हणजे पैसे लागत नसले तरी. एका मीटिंगमध्ये जुना डेटाबेस सर्व्हर बंद करायचा विषय होता, सगळे म्हणत होते त्यावर आता काही नाही, रिपोर्टिंग तर केव्हाच हलवलं. मी आर्चीत तो सर्व्हर निवडला, व्हिज्युअलायझरची खोली वाढवत नेली, तर त्याच्याभोवती जाळं उघडत गेलं आणि तिसऱ्या पातळीवर एटीएम रिकन्सिलिएशनची (एटीएमचे व्यवहार हिशेबाशी जुळवायची) रोज रात्री बनणारी फाइल दिसली. त्या फाइलचं नाव ऐकल्यावर ऑपरेशन्सच्या बाईंनी पेनच खाली ठेवलं. सर्व्हर बंद झाला, पण आधी ती फाइल हलवून. कुणी हुशारी केली नव्हती, कधीतरी बाण नीट अर्थासकट काढून ठेवला होता एवढंच. हे काम पीपीटी करू शकत नाही कारण पीपीटीला माहीतच नसतं की पान 4 वरचा चौकोन आणि पान 19 वरचा चौकोन एकच आहे.

करिअरच्या दृष्टीने बोलायचं तर सोल्यूशन आर्किटेक्टच्या इंटरव्ह्यूत हल्ली बऱ्याचदा एखादी केस देतात आणि मांडायला सांगतात. तिथे आर्किमेटचे सगळे सिम्बॉल आलेच पाहिजेत असं कुणी म्हणत नाही, पण ज्याने मॉडेल बांधलेत तो माणूस आधी विचारतो की हे चित्र कोणासाठी, सीएफओसाठी का इन्फ्रा टीमसाठी, आणि मग त्याप्रमाणे काय दाखवायचं काय लपवायचं ते ठरवतो. मी इंटरव्ह्यू घेते तेव्हा नेमकं तेच बघते. टोगॅफचा एडीएम, म्हणजे आर्किटेक्चर टप्प्याटप्प्याने करायची पद्धत, प्रिलिमिनरीपासून ए ते एच फेजेस, पाठ असलेले खूप भेटतात. फेज बीचं, म्हणजे बिझनेस आर्किटेक्चरचं, खरं आउटपुट हाताने केलेले फार थोडे. आर्चीसोबत आर्चीशुरन्स नावाचं एका काल्पनिक विमा कंपनीचं तयार मॉडेल येतं, ते आधी उघडून बघा, कोरी फाइल घेऊन बसू नका.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. दिसायला टूल एक्लिप्सच्या (प्रोग्रामरांच्या एका जुन्या टूलच्या) जमान्यातलं आहे, कारण ते एक्लिप्सवरच बांधलंय. चौकोनांची मांडणी हातानेच करावी लागते, पन्नास गोष्टी एका व्ह्यूत, म्हणजे एका चित्रात, टाकल्यात तर रेषा सोडवण्यात दुपार जाते (तसाही पन्नास चौकोनांचा व्ह्यू कुणी वाचत नाही, तो तोडाच). मुळात हे एकट्या माणसाचं डेस्कटॉप टूल. टीमने मिळून काम करायचं तर को-आर्ची प्लगइन टाकून गिटवर (प्रोग्रामर फाइलींतले बदल सांभाळायला वापरतात त्यावर) मॉडेल ठेवता येतं, चालतं, पण दोघांनी एकच गोष्ट बदलली की कॉन्फ्लिक्ट सोडवताना गिट न येणारे बिझनेस ॲनालिस्ट हात टेकतात. आणि शेकडो ॲप्लिकेशन्सचा पोर्टफोलिओ, मालक कोण, सपोर्ट कधी संपतो, डॅशबोर्ड, याद्या भरायला लोकांना मेल जाणं, असलं हवं असेल तर आर्ची त्यासाठी नाहीच, तिथे लीनआयएक्ससारखी विकतची टूल्स आहेत, जे 2023 मध्ये एसएपीने घेतलं. मॅनेजमेंटला दाखवायला एचटीएमएल रिपोर्ट निघतो, क्लिक करत फिरता येतं, तेवढ्यावर आमचं तरी भागतं.

ज्यांना महिन्याभरात टायटल बदलून हवंय त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, वेळ लागतो. पण हातातल्या प्रोजेक्टच्या चार सिस्टीम्स तरी या आठवड्यात मांडून बघा, प्रत्येक नात्याला नाव द्या, आणि व्हॅलिडेटर चालवा, वापरात नसलेल्या गोष्टी आणि दोनदा घातलेली नावं तो दाखवतो. कंपनी पैसे देत असेल तर बॉसला सांगून या लोकांना देणगीही पाठवा, मी पाठवते.

पाचपैकी साडेचार. अर्धा टीमवर्कसाठी कापला.