झिंक ऑक्साइडचं मलम: आईसाठी आठ महिने वापरल्यावर

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून तिचं डायपर सुटलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तिला कुशीवर वळवलं, तर मांड्यांची आतली बाजू आणि बसायची जागा लालबुंद, दोन ठिकाणी तर साल निघून ओलं झालेलं. पाण्याचा हात लागला की "आग होतेय गं" म्हणायची. एरवी तिचं बोलणं अडखळतं, पण हे मात्र स्पष्ट यायचं. मला वाटलं बेडसोअर. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, बेडसोअर जास्त करून माकडहाड, टाच अशा दाब येणाऱ्या जागी होतो. हा लघवी-शौचाच्या ओलाव्याने झालेला दाह आहे. झिंक ऑक्साइडचं मलम लिहून दिलं.

पहिले दहा दिवस फरक शून्य. मलमाला नावं ठेवायच्या बेतात होते, पण आमचंच चुकत होतं. दर वेळी अंघोळीचा साबण, मग टॉवेलने खसाखसा पुसणं, वर टाल्कम पावडर आणि त्यावर मलमाचा जाड थर. पावडर भिजून जांघेत तिचे गोळे व्हायचे आणि तेच घासायचे. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, त्वचेचा आम्लपणा जातो, आणि मग शौचातली पाचक द्रव्यं कातडीला जास्त झोंबतात. त्वचेचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ ते ५.५, साबणाच्या वडीचा ९-१०. म्हणजे दिवसातून सहा वेळा आम्हीच त्यात भर घालत होतो!

आता साबण बंद. कोमट पाणी, आणि शौच झाली असेल तर त्वचेच्या पीएचशी जुळणारं सौम्य क्लिन्झर. पुसायला आईच्याच जुन्या सुती साडीचे तुकडे, तेही नुसते टेकवून टिपायचे. दोन मिनिटं उघडं ठेवून वारा लागू द्यायचा, मग मलम. चण्याएवढं घेऊन एवढं पातळ पसरायचं की खालची कातडी पुसटशी दिसली पाहिजे. जाड थर डायपरला चिकटतो, मग डायपर लघवी नीट शोषत नाही. पुढच्या वेळी आधीचा पांढरा थर खरवडून काढायचा नाही. वरची घाण तेवढी टिपायची. फारच चिकटला तर कापसावर खोबरेल तेल घेऊन अलगद सोडवायचा. हे शेवटचं मावशींना, म्हणजे सकाळी येणाऱ्या आमच्या बाईंना, पटायला महिना लागला. "स्वच्छ नको का करायला, ताई?" हा त्यांचा प्रश्न. त्या खूप मायेने करतात, पण मायेनेच घासायच्या.

असं सुरू केल्यावर आठवडाभरात लाली उतरली, सोललेली जागा पंधरा दिवसांत भरली. तेव्हापासून तसं पुन्हा सोललेलं नाही, अगदी जानेवारीत जुलाब झाले तेव्हाही. त्या तीन दिवसांत थर थोडा जाड ठेवला आणि रात्री दोनदा गजर लावून उठले. एरवी दिवसा दर दोन-तीन तासांनी बघतो. शौच झाली की लगेच, जेवण बाजूला ठेवून.

एका बाबतीत मलम अजिबात चाललं नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात जांघेत गडद लाल चट्टा आला आणि कडेला बारीक बारीक पुरळ. मी मलमच चोपडत राहिले, चार दिवस वाया गेले. ती बुरशी होती. डॉक्टरांनी क्लोट्रिमाझोल दिलं, त्याने गेली. चट्ट्याबाहेर असे सुटे ठिपके दिसले, पू दिसला किंवा ताप आला तर घरी प्रयोग करू नका.

बाकी कुरकुर म्हणजे चादरीवरचे पांढरे डाग जाता जात नाहीत, आणि थंडीत मलम घट्ट होतं. तसंच लावलं तर कातडी ओढली जाते, म्हणून आधी तळहातावर चोळून मऊ करते. डबी घेऊ नका, ट्यूब घ्या. डबीत सगळ्यांची बोटं जातात, आणि घाईत कोणाचे हात धुतलेले असतीलच असं नाही.