लिंकडिंग आणि रीडेक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

लेख नंतर वाचायला साठवून ठेवणारी पॉकेट ही सेवा मोझिलाने ८ जुलै २०२५ रोजी बंद केली. माझी यादी उतरवून घेतली तेव्हा हाती सीएसव्ही फाईल आली : पत्ते, मथळे, टॅग. लेखांचा मजकूर त्यात नव्हता. जपून ठेवलेल्या मराठी ब्लॉगांपैकी बरेच आता उघडतच नाहीत. पाणलोटाची कामं, जुनी बियाणी यांवरचं किती तरी लिखाण असं हातचं गेलं. म्हणून या वेळी एकच अट धरली : मूळ साईट गेली तरी लेख माझ्या घरात राहिला पाहिजे.

घरी चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. लिंका आणि लेख साठवणारं सॉफ्टवेअर त्यावरच चालवायचं होतं. काराकीप आपोआप टॅग लावतं, पण त्याच्या जोडीला मेलीसर्च हे शोधयंत्र आणि क्रोम ब्राउझर चालवावे लागतात. लिंकवॉर्डनला पोस्टग्रेस हा वेगळा डेटाबेस लागतो. दोन्ही चांगली आहेत, माझ्या मशीनला जड.

लेखांसाठी रीडेकवर थांबलो. अख्खा प्रोग्राम म्हणजे एकच फाईल, डॉकरशिवायही (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) चालते. लेख साठवतानाच मजकूर आणि चित्रं उतरवून घेते. ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमधून पाठवलं तर समोर उघडलेलं पानच जातं, त्यामुळे वर्गणी भरून वाचलेला लेखही पुरा येतो. महत्त्वाच्या ओळी रंगवता येतात. निवडक लेखांचं ईपब, म्हणजे ई-पुस्तक, काढून गावी नेतो, तिथे रेंज नसते.

नुसत्या लिंकांसाठी लिंकडिंग. ते फारच हलकं आहे, सगळ्या लिंका एका एसक्यूलाइट डेटाबेस फाईलमध्ये. शोधाची मात्र सवय करावी लागली. तो अक्षरं जशीच्या तशी जुळवतो, त्यामुळे ‘पाणी’ टाकलं की ‘पाण्याचा ताळेबंद’ सापडत नाही. विभक्ती लागली की आपला शब्दच बदलतो. आता नुसतं ‘पाण’ टाकतो. पाणी, पाण्याचा, पाणलोट, पाणथळ, सगळं एकदम समोर येतं. मराठीत साठवणाऱ्याने ही युक्ती पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. टॅग मी मूळ रूपातच ठेवतो, नाहीतर ‘शेती’ आणि ‘शेतीचे’ असे दोन ढीग होतात.

घराबाहेरून वापरायला टेलस्केल हे माझ्या उपकरणांपुरतं खासगी नेटवर्क आहे, राउटरचं पोर्ट उघडलेलं नाही.

दर रविवारी दोन्ही सेवा थांबवून त्यांचे डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो. गेल्या महिन्यात ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकून सगळं चालू करून पाहिलं. देशी ज्वारीवरचा एक लेख मुद्दाम उघडला. त्याची साईट दिवाळीनंतर बंद पडली आहे. लेख चित्रांसकट उघडला.