हातोडेवालीच्या नजरेतून नवं प्लेयर्स हँडबुक

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाचं २०२४ चं नियमांचं पुस्तक, प्लेयर्स हँडबुक, घेऊ का, असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न करते: टेबलावर तू कोण असतोस? विझार्ड, म्हणजे मंत्र टाकणारा जादूगार, असशील तर बिनधास्त घे, तुझं आजवर कुठल्याच आवृत्तीने फारसं वाकडं केलेलं नाही. मी फायटर. कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी मोहीम, कुठलंही असो, चिलखत चढवून सगळ्यांच्या पुढे दारात उभी राहणारी मीच. त्यामुळे ३८४ पानांतलं कुठलं पान मी आधी उघडलं असेल ते सांगायला नको.

बातमी चांगली आहे. निदान अर्धी.

२०१४ च्या नियमांत फायटरची पाळी म्हणजे मारते, लागलं, मारते, चुकलं, झालं, पुढचा बोला. बॅटल मास्टर हा फायटरचा उपप्रकार घेतला तर काही डावपेच हाती यायचे, नाहीतर नुसती हाणामारी. आता वेपन मास्टरी आली आहे. प्रत्येक हत्याराला एक खास गुण, असे एकूण आठ. मोठ्या दोनहाती तलवारीचा वार हुकला तरी ग्रेझमुळे शत्रूला थोडी इजा होतेच. लाँगबोचा बाण लागला की समोरच्याची चाल दहा फुटांनी घटते. वॉरहॅमर त्याला दहा फूट मागे ढकलतो. आणि मॉल, म्हणजे दोन्ही हातांनी पेलायचा तो अगडबंब हातोडा, सरळ आडवा पाडतो. याला म्हणायचं टॉपल. माझा जीव यावर जडला आहे.

खाणीच्या तोंडाशी ऑगर, एक धिप्पाड राक्षस, उभा. मी पाचव्या लेव्हलला, स्ट्रेंथ १८. हातोडा बसला की ऑगरने १५ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करायचा, म्हणजे पडू नये म्हणून फासा आणि काटकपणा मिळून १५ गाठायचे. त्याचे हक्काचे तीन धरले तर फाशावर किमान १२ हवेत. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, टाकला, आले ७. ऑगर धाडकन खाली. माझा दुसरा फटका अ‍ॅडव्हांटेजने (दोन फासे टाकून मोठा धरायचा), शेजारी उभ्या बार्बेरियनचेही अ‍ॅडव्हांटेजने, आणि उठायचं म्हटलं तर ऑगरची निम्मी चाल त्यातच जाणार. मागे धनुष्य ताणून बसलेला आमचा रोग, म्हणजे चोरपावलांचा गडी, मात्र कळवळला, "अगं, पाडू नकोस ना त्याला!" आडव्या पडलेल्यावर लांबून बाण मारायचा तर डिसअ‍ॅडव्हांटेज असतो, दोन फाशांतला लहान धरावा लागतो. मला भयंकर आनंद झाला. फायटरच्या पाळीत काय व्हावं आणि काय होऊ नये यावरून टेबलावर वाद व्हावा, हे मी आधी अनुभवलंच नव्हतं.

पुढे सातव्या लेव्हलला आमच्या विझार्डने वॉल ऑफ फायर उभारली. मी वॉरहॅमरने एकेकाला दहा फूट मागे, थेट त्या आगीत ढकलत राहिले. प्रत्येकाला आठ बाजूंच्या पाच फाशांचा भाजका प्रसाद. मंत्र त्याचा, पण तो वसूल केला मी. समतोल म्हणजे दोघांच्या नुकसानीचे आकडे सारखे येणं नव्हे, हे असं काहीतरी असावं. त्या पाळ्यांत मला विझार्डचा जराही हेवा वाटला नाही.

याची किंमत वेळात मोजावी लागते. टॉपलचा सेव्ह दर फटक्याला, सॅप या मास्टरीचा डिसअ‍ॅडव्हांटेज कोणावर ते लक्षात ठेवायचं, वेक्सचा अ‍ॅडव्हांटेज कधी संपतो ते पाहायचं. आमचा डीएम आता माझी पाळी आली की आधीच उसासा टाकतो. टाकू दे. विझार्ड मंत्रांच्या यादीत बोट फिरवत बसतो तेव्हा कोणी उसासा टाकत नाही.

लढाईबाहेरची सुधारणा एकच, पण झकास: टॅक्टिकल माइंड. दुसऱ्या लेव्हलपासून एखादा अ‍ॅबिलिटी चेक, म्हणजे एखादं काम जमतं का ते पाहायचा फासा, फसला तर सेकंड विंडचा (दम घेऊन जीव भरून काढण्याचा) एक वापर देऊन दहा बाजूंचा फासा त्यात मिळवायचा. तरीही फसला तर तो वापर खर्ची पडत नाही. माझी करिश्मा, म्हणजे माणसं पटवायची ताकद, ८. वेशीवरच्या पहारेकऱ्याला पटवायला १५ हवे होते, फाशावर ११ आले, एक वजा, दहा. वर दहा बाजूंचा टाकला, सात. सतरा! पहारेकरी बाजूला झाला. चिलखतातली ठोंबी बोलून वाट काढते हे पाहून सगळे गप्प.

आता उरलेली अर्धी बातमी. तोच पहारेकरी आमच्या विझार्डने सजेशन हा मंत्र टाकून हटवला असता, आणि पहारेकऱ्याचा सेव्ह फसता तर पुढचे काही तास तो आमचा हरकाम्या झाला असता. फासा टाकून मला जे कदाचित जमतं ते करण्याची विझार्डला सरळ परवानगी असते. भिंत चढायची? मी अ‍ॅथलेटिक्सचा फासा टाकते, तो उडतो. कुलूप? तो नॉक म्हणतो. पुस्तकाचा सुमारे चौथा हिस्सा मंत्रांनी भरला आहे, आणि त्यातला प्रत्येक मंत्र म्हणजे जगाशी काहीतरी करण्याची एक परवानगी. माझ्या आठ मास्टऱ्या जेमतेम पानभर, आणि आठही फक्त समोर कोणीतरी उभं असेल तर कामाच्या.

लेव्हल वाढली की हे फार बोचतं. तेराव्या लेव्हलला विझार्डकडे टेलिपोर्ट येतो. मला मिळतं ते असं की वार हुकला तर त्याच शत्रूवरचा पुढचा वार अ‍ॅडव्हांटेजने. सतराव्या लेव्हलला तो विश टाकू शकतो, म्हणजे तोंडाने मागेल ते. मला अ‍ॅक्शन सर्ज, म्हणजे एका पाळीत जादा कृती, एकाऐवजी दोनदा वापरता येतो. हे शेजारीशेजारी छापताना कोणाला हसू कसं आलं नाही?

लेखकांनी विझार्डला लगाम घातलेलाच नाही असं नाही. फोर्सकेज हा जादूचा पिंजरा टिकवायला आता कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे सतत एकाग्रता, लागतं, मंत्र हाणून पाडणाऱ्या काउंटरस्पेलला समोरचा सेव्ह करू शकतो, सिम्युलाक्रम, म्हणजे जादूने बनवलेली प्रतिकृती, दुसरा सिम्युलाक्रम बनवू शकत नाही. पण हे सगळं त्याचं थोडं काढून घेणं झालं. मला लढाईबाहेर काही देणं वेगळं.

आणि ते एकेकाळी दिलेलं होतं! १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये मॅजिक-यूजर, म्हणजे तेव्हाचा विझार्ड, चार बाजूंच्या फाशाइतक्या जिवावर आणि एका मंत्रावर सुरुवात करायचा. फायटर नवव्या लेव्हलला लॉर्ड व्हायचा, गढी बांधायचा, त्याच्या नावावर शिपाई गोळा व्हायचे. म्हणजे विझार्डकडे मंत्र आणि फायटरकडे माणसं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत फायटरच्या पानांवरून ती गढी गेली आणि बदल्यात आल्या जादा फीट्स, म्हणजे खास कौशल्यं, बहुतेक पुन्हा मारामारीच्याच. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्या क्लासना, म्हणजे फायटर-विझार्डसारख्या पात्रप्रकारांना, एकाच साच्यातल्या पॉवर्स देऊन हिशेब चुकता केला. मला ती आवडायची, पण फायटर आणि विझार्डची पानं सारखीच दिसतात म्हणून लोक चिडले होते ते उगाच नाही. आता गढी परत आली आहे, बॅस्टियन या नावाने, डंजन मास्टर्स गाइडमध्ये, पाचव्या लेव्हलपासून. सगळ्यांसाठी. विझार्डसाठीसुद्धा. धन्यवाद.

सबक्लास, म्हणजे क्लासचे उपप्रकार, पाहा, म्हणजे लेखकांच्या मनातलं कळेल. फायटरचे चार: चॅम्पियन, बॅटल मास्टर, एल्ड्रिच नाइट, साय वॉरियर. त्यातल्या एल्ड्रिच नाइटला विझार्डचेच मंत्र, साय वॉरियरला मनोबलाची जादू. योद्ध्याला आणखी काही द्यायचं म्हटलं की हात आपोआप जादूच्या डब्याकडे जातो.

एक गोष्ट मात्र पुस्तकाच्या हातात नाही, ती तुमच्या डीएमच्या हातात आहे. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे नऊ स्लॉट, म्हणजे मोठे मंत्र टाकायच्या नऊ संधी, असतात. दिवसाला एकच दणदणीत लढाई आणि मग लाँग रेस्ट, म्हणजे सगळं भरून काढणारी मोठी विश्रांती, असा खेळ असेल, तर तो दर पाळीला मोठं काहीतरी टाकणार आणि माझी मास्टरी कोणाच्या खिजगणतीत नसणार. २०१४ च्या गाइडमध्ये दिवसाला सहा ते आठ चकमकी गृहीत होत्या. नव्यात तो आकडा नाही. आमच्या डीएमने त्या खाणीत मुक्कामच करू दिला नाही, खाली पाणी चढत होतं. तिसऱ्या चकमकीला विझार्ड स्लॉट न लागणाऱ्या फायर बोल्टवर आला: दहा बाजूंचे दोन फासे, सरासरी ११. माझ्या हातोड्याच्या एका फटक्याचीही सरासरी ११, आणि माझे फटके दोन, दिवसभर. नुसते तास वाढवून मात्र भागत नाही. विझार्ड टायनी हट हा सुरक्षित निवाऱ्याचा मंत्र रिच्युअल म्हणून उभारतो, स्लॉटही जात नाही, आणि आत आठ तास घोरतो. घाई खरी हवी.

पाचपैकी साडेतीन तारे. लढाईसाठी साडेचार, बाकीसाठी अडीच. नियमांचा मोफत भाग, म्हणजे २०२५ मध्ये खुला झालेला एसआरडी ५.२, आधी वाचून घ्या. त्यात मास्टरी आहेत आणि चॅम्पियनही आहे. बॅटल मास्टर हवा असेल तर पुस्तकाला पर्याय नाही. अकराव्या लेव्हलच्या आत संपणारं कॅम्पेन असेल तर हा फायटर मनापासून खेळा. त्यापुढे जाणार असाल तर डीएमशी आधीच बोलून माणसं, जमीन, मानमरातब असं काहीतरी मागून ठेवा.

पहिल्या लेव्हलला तीन हत्यारांच्या मास्टऱ्या मिळतात. मॉल, वॉरहॅमर आणि लांबून मारायला लाँगबो घ्या. निक या मास्टरीच्या मोहात पडू नका, ती रोगला आणि रेंजरला जास्त शोभते. नाहीच पटलं तर दर लाँग रेस्टनंतर एक हत्यार बदलता येतं.